ठरणे आणि ठरवणे

मराठीच्या तासाला व्याकरण काढले की मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. आमच्या भोरच्या बाजूला खिडकीबाहेर पाहण्यासारखे पुष्कळ आहे, त्यामुळे मी त्यांना फारसा दोष देत नाही. पण वर्षातून एक तास मी असा घेतो, की त्या तासाला कोणाचीही मान वर होत नाही. फळ्यावर मी एवढेच लिहितो : 'मी इथे कसा आलो?' आणि दहा ओळी लिहायला सांगतो. 'कसा' म्हणजे एस्.टी.ने की दुचाकीवर, असा विनोद मागच्या बाकावरून होतोच. तो झाला की वर्ग लिहायला लागतो.

त्या वह्या वाचताना मला जी मौज वाटते, तिच्यात थोडे काळजीचे पाणीही मिसळलेले असते. 'दहावीला टक्के कमी पडले म्हणून आर्ट्सला टाकले.' 'मामांनी आधी सायन्सला घातले होते, झेपले नाही.' 'आयटीआयला नंबर लागला नाही.' 'ताईचे लग्न ठरले म्हणून एक वर्ष घरी राहावे लागले.' टाकले, घातले, लागला, ठरले, लागले! दहा ओळींत क्रियापदे भरपूर, पण कर्ता शोधायला कंदील घेऊन निघावे. सतरा-अठरा वर्षांचे धडधाकट पोर, गणपतीत ढोल वाजवणारे, विहिरीत सूर मारणारे; आणि स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगताना धान्याच्या पोत्यासारखे बोलते. कोणी तरी उचलले, कोणी तरी टाकले.

मग मी व्याकरणाकडे वळतो. 'ठरणे' आणि 'ठरवणे' ही एकाच धातूची दोन रूपे. पहिले अकर्मक, ते आपोआप होते, पाऊस पडावा तसे. दुसऱ्याला करणारा लागतो. 'लग्न ठरले' या वाक्यात कोणाचेच बोट दिसत नाही. 'लग्न ठरवले' म्हटले की लगेच 'कोणी?' हा प्रश्न येतो. आपली भाषा मोठी समजूतदार आहे. जबाबदारी कोणाच्या अंगावर येऊ नये म्हणून तिने अशा वाक्यांची चांगली सोय करून ठेवली आहे. मी मुलांना तीच दहा वाक्ये 'ठरवणे' वापरून पुन्हा लिहायला सांगतो. काहींना तीन जमतात, काहींना एकही नाही. एका मुलाने लिहिले होते, 'मी ठरवले की घरचे ठरवतील ते करायचे.' व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. मी पूर्ण गुण दिले.

वाचकहो, हे खेड्यातल्या मुलांचे झाले, असे म्हणून तुम्ही चिवड्याचा पुढचा घास घेणार असाल, तर जरा थांबा. पुण्यामुंबईच्या घरांतून मी पाहिले आहे, की मुलाला आइस्क्रीम कोणते हवे हे चार वर्षांचा असल्यापासून विचारतात आणि शाखा कोणती हवी हे मात्र कोणी विचारीत नाही. क्लास बाबांनी लावलेला, कॉलेज आईने शोधलेले, पहिल्या नोकरीचा अर्ज आत्येभावाने भरलेला. आमच्या वेल्ह्याकडच्या मुलीला (वेल्हे तालुक्याला आता राजगड असे नाव मिळाले आहे, पण फाट्यावरचा कंडक्टर अजून 'वेल्हा' असेच ओरडतो) निदान घरातले खरे निर्णय डोळ्यांसमोर घडताना दिसतात. राब भाजून रोप टाकायचे कधी? पाऊस धरला आहे खरा, पण टिकेल का? लावणीला माणसे आजच सांगायची की दोन दिवस थांबायचे? रोप जून झाले तर पीक गेले. घाई केली आणि उघडीप पडली तर खाचर कोरडे पडले. अर्धवट माहितीवर, वेळेच्या आत, स्वतःच्या पोटाला जबाबदार राहून केलेली ही निवड आहे. ती तिचा बाप दर वर्षी जूनमध्ये करतो. आणि तोच बाप मुलीच्या बारावीनंतर माझ्यासमोर हात जोडून उभा राहतो, 'आमाला काय कळतंय, सर? तुमी सांगाल तसं.'

मला त्यात अडाणीपणा दिसत नाही. खाचराचे ज्ञान त्याच्यापाशी चार पिढ्यांचे आहे. कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवारी, भविष्यनिर्वाह निधी, कॉट बेसिसचे भाडे या शेतात त्याच्या घराण्यात कोणी नांगर धरलेला नाही. निर्णयाची ताकद आहे, माहितीचे बी नाही. म्हणून शिकवायचे काय, याचा विचार करताना मला वाटते की धैर्य वगैरे शिकवण्याच्या भानगडीत पडू नये. अधूनमधून एखादे शिबिर होते. पडद्यावर चित्रे दाखवतात, 'आत्मविश्वास' हा शब्द चाळीस वेळा उच्चारतात, शेवटी प्रमाणपत्र आणि समोसा. समोसा चांगला असतो.

सरकारनेही आपल्या परीने प्रयत्न केले. 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. मुलाचा ओढा शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तंत्र, कला व मानव्यविद्या की गणवेशधारी सेवा यांपैकी कोणीकडे आहे, हे तिच्यातून कळे. हेतू उत्तम होता. पण आमच्याकडे तो कागद जन्मपत्रिकेसारखा वाचला गेला. 'माझ्या कलमध्ये गणवेशधारी आलंय,' असे एक मुलगा मला सांगत होता, जणू मंगळ आला आहे. कल म्हणजे निर्णय नव्हे, हे त्याला सांगायला कोणी नव्हते. झाडाचा कल सूर्याकडे असतो म्हणून झाडाने सूर्याकडे जायचे ठरवले असे आपण म्हणत नाही.

गणवेशाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पहाटे भोरच्या रस्त्यावर धावणारी पोरे पाहिली म्हणजे ऊर भरून येतो. पोलिसभरतीला पुरुषांसाठी 1600 मीटर धावणे आहे, 100 मीटर आहे, गोळाफेक आहे. मैदानाचे 50 गुण आणि लेखीचे 100. खुल्या गटाला वयाची मर्यादा 28. मुलाने धावावे, जरूर धावावे. मी त्याला फक्त एक वाक्य पुरे करायला सांगतो, तेही व्याकरणातलेच, संकेतार्थी : 'जर अमुक वर्षापर्यंत झाले नाही, तर मी…' या 'तर'पुढच्या टिंबांवर पोरे अडखळतात. 'होणारच की, सर!' हे उत्तर तोंडपाठ असते. 2022 पासून सैन्यात अग्निवीर आले. साडेसतरा ते एकवीस या वयात भरती, चार वर्षे नोकरी, आणि त्यांतून चौथा हिस्सा पुढे कायम. म्हणजे चौघांतल्या तिघांना पंचविशीच्या आत दुसऱ्यांदा हाच प्रश्न सोडवायचा आहे. तो 'तर' आजच वहीत असावा, एवढीच माझी विनंती असते. ज्यांच्या डोक्यात गुंठ्यांचे भाव आणि जमिनीची दलाली शिरली आहे, त्यांच्याविषयी मी इथे लिहीत नाही; ते माझ्या तासाला बसत नाहीत.

आमच्या पूर्वजांनी हा विषय टाकला होता असे मात्र नाही. गौतमाच्या न्यायशास्त्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत (फराळाचे नव्हेत). त्यांत तिसरा संशय आणि नववा निर्णय. मध्ये पाच आहेत : प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव, तर्क. मला ही यादी फार बोलकी वाटते. संशय आला की लगेच निर्णय नाही. आधी विचारायचे की हे मला कशासाठी हवे आहे, मग कोणाचे उदाहरण पाहायचे, मग पुढचे. आपण काय करतो? संशयावर तळ्यात-मळ्यात खेळत बसतो आणि शेवटच्या तारखेला एकदम सोळाव्या पदार्थावर पोचतो. त्याचे नाव निग्रहस्थान. म्हणजे वादात हरण्याची जागा.

साहेबाच्या देशातलीही एक गोष्ट मी वर्गात सांगतो. जोसेफ प्रीस्टली नावाचा विद्वान धर्मोपदेशक लीड्स गावी होता. 1772 साली त्याला एका बड्या लॉर्डाकडून नोकरीचे बोलावणे आले. जावे की न जावे? त्याने बेंजामिन फ्रँकलिनला विचारले. फ्रँकलिनने उत्तर पाठवले त्याचा मथितार्थ असा : काय ठरवावे हे मी सांगू शकत नाही, कारण तुझी सगळी परिस्थिती मला ठाऊक नाही; पण कसे ठरवावे हे सांगतो. कागदाच्या मध्यावर रेघ मार. एका बाजूला अनुकूल, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. एका बैठकीत लिहू नकोस, तीन-चार दिवस सुचेल तसे टिपत जा. मग दोन्ही बाजूंची समान वजनाची कारणे खोडत चल. उरेल ते पाहा. प्रीस्टलीने नोकरी धरली आणि त्याच लॉर्डाच्या वाड्यात 1774 मध्ये प्राणवायू वेगळा केला. आता हा परिणाम कागदावरच्या रेघेमुळे झाला असे मी म्हणत नाही, पण मुलांना तो ऐकायला आवडतो.

मुले रेघ मारतात, कारणेही लिहितात. घोडे अडते ते वजनापाशी. 'लोक काय म्हणतील' हे कारण बहुतेक वह्यांत दोन्ही बाजूंना असते आणि ते खोडून टाकता येते, हे पाहून पोरे चकित होतात. एका मुलीने तर ते खोडताना पेनाने कागद फाडला.

वजनाचा धडा द्यायला मला परदेशी जावे लागत नाही. भोर तालुक्यातच कारी गाव आहे, कान्होजी जेधे देशमुखांचे. 1659 च्या जूनमध्ये आदिलशाही फर्मान त्यांच्या हाती पडले : अफजलखानाला सामील व्हा. रोहिडखोऱ्यातलेच शेजारी, उत्रवळीचे खंडोजी खोपडे, खानाला जाऊन मिळाले होते. कान्होजी फर्मान घेऊन, पाचही मुलांना बरोबर घेऊन, शिवाजी महाराजांकडे आले. जेध्यांच्या करिन्यातली हकीकत अशी, की महाराजांनीच त्यांना सुचवले : शेजारी गेले, तुम्ही न जाल तर वतन जाईल, जिवावर बेतेल, तुम्हीही जा. कान्होजींनी सांगितले, शहाजीराजांना इमान दिले आहे; आणि वतनावर पाणी सोडले. मग घरच्या माणसांना सुरक्षित जागी हलवण्याची तजवीज झाली.

ही गोष्ट आमच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. म्हणूनच ती पुन्हा सांगावी लागते, कारण त्यांना तिचा शेवट ठाऊक असतो. प्रतापगडाखाली 10 नोव्हेंबरला काय झाले हे माहीत असलेल्या माणसाला जूनमधला निर्णय सोपा वाटतो. मी फळ्यावर 'जून' लिहितो आणि म्हणतो, नोव्हेंबर पुसून टाका. आता तुम्ही कान्होजी. एका बाजूला विजापूरची बादशाही, दुसऱ्या बाजूला एकोणतीस वर्षांचा एक राजा, मध्ये तुमचे वतन, तुमची लेकरे. वर्ग गप्प होतो. एका वर्षी त्या शांततेत एक पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, मग खोपड्यांचा हिशेब बरोबरच होता ना?"

वर्गात हशा झाला नाही, काही जण रागावून त्याच्याकडे पाहू लागले. मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला. हिशेब म्हणून पाहिले तर जूनमध्ये खंडोजींची बाजू जड होती. सैन्य कोणाचे मोठे, खजिना कोणाचा मोठा, एवढेच मोजायचे असेल तर त्यांनी बरोबर मोजले. कान्होजींनी हे मोजलेच नाही असे थोडेच आहे? महाराजांनी तर ते मोजून त्यांच्या पुढ्यात ठेवले होते. फरक एवढाच, की कान्होजींच्या तागडीत एक वस्तू अशी होती, जिच्यासमोर दुसऱ्या पारड्यात काहीही टाकले तरी ते खाली येईना. प्रत्येकाच्या कागदावर अशी एखादी ओळ असते, नसतेही. ती आधी ओळखावी लागते. मग बाकीची खोडाखोड. आणि फर्मान खिशात लपवून न ठेवता ज्याच्याशी व्यवहार आहे त्याच्यापुढे ते उघडे करणे, मुलांना बरोबर नेणे, घरच्यांची सोय लावणे, हेही त्या निर्णयाचे भागच. त्या पोराला मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. तास संपला तरी दारात तो त्याच्या मित्राशी भांडत होता.

पण खरे शिक्षण वर्गात होत नाही, हे मी मराठीचा प्राध्यापक असूनही मान्य करतो. याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधकाचे काम सोडून ते त्या दुष्काळी गावात राहिले. तिथली मुले हाताने काम करून शिकतात, आणि गावाला लागणाऱ्या वस्तू खऱ्या गिऱ्हाइकासाठी करतात. फाटक करायचे तर लोखंड किती लागेल, मजुरी किती लावायची, कबूल केलेल्या दिवशी देता येईल का, हे मुलालाच सांगावे लागते. चुकले तर नुकसान खरे असते आणि फार मोठे नसते. लहान किमतीत चुकायची मुभा, मला वाटते, हीच या विषयाची प्रयोगशाळा. शहरातल्या घरांत ती कशी करता येईल? महिन्याचे किराणाचे पैसे सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन पाहा. तिसऱ्या आठवड्यात पिठले-भात खावा लागला तर खा. फक्त चौथ्या आठवड्यात गुपचूप पैसे देऊ नका.

आता एक हकीकत सांगतो. वेल्ह्याच्या आतल्या अंगाच्या एका गावची मुलगी. बारावीला चांगले गुण. तिच्यापुढे तीन वाटा होत्या : परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, शिरवळच्या बाजूला कारखान्यात पॅकिंगचे काम, आणि एक स्थळ. वडिलांनी मला गाठले. "तिला समजावून सांगा, सर. शिकायचं तर शिकू दे, न्हाईतर उजवून टाकू. पर ते कंपनीचं खूळ काढा तिच्या डोक्यातनं." माझे स्वतःचे मत विचाराल तर अभ्यासक्रम हेच होते. ते मी तिला सांगितले, लपवले नाही. पण सांगितले की हे एक मत आहे. रेघ मारून कागद तू कर.

ती चार दिवसांनी आली. कागद नव्हता, अख्खी वही होती. गावातली एक बाई त्या बाजूच्या कारखान्यात जात होती, तिच्याकडे ही दोन संध्याकाळी बसली होती. तिने शोधून काढले होते, की 'कंपनीत' म्हणतात ते काम कंपनीचे नसून कंत्राटदाराचे असते. तोंडी सांगितलेला पगार आणि हातात पडणारा पगार यांत फरक असतो. मूळ पगारातून शेकडा बारा भविष्यनिर्वाह निधीला जातात आणि तेवढेच मालकाने घालायचे असतात, ते घातले की नाही हे मोबाइलवर पाहता येते. गाडी चेलाडी फाट्यापर्यंतच सोडते. रात्रपाळीनंतर पहिल्या एस्.टी.पर्यंत फाट्यावर दीड तास काढायचा. दुसऱ्या पानावर अभ्यासक्रमाची फी, वसतिगृह, मेस, गणवेश. तिसऱ्या पानावर एकच ओळ : आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन.

"सर, मी दीड वर्ष कामाला जाणार," ती म्हणाली. "आईचं झालं की मग नर्सिंगचा फॉर्म. तोवर वयात बसतेय, बघितलंय मी."

मी म्हणालो, "दीड वर्षाने अभ्यासाची सवय मोडते. हातात पैसा आला की तो सोडवत नाही."

"ते लिहिलंय की. डावीकडं, खालून दुसरं."

खरेच लिहिले होते. खोडलेले नव्हते. तिच्या अक्षरात ते तसेच उभे होते, आणि तरी तिने पुढचे ठरवले होते. मी वही मिटून परत दिली. स्थळाला काय सांगणार, हे विचारले. "पप्पांना सांगितलंय, मी सांगते म्हणून," असे म्हणून ती गेली.

त्याला आता वर्ष होत आले. भाते पिवळी पडली आहेत, काही ठिकाणी कापणीही सुरू झाली आहे. आईचे एक ऑपरेशन झाले, दुसऱ्या गुडघ्याचे राहिले आहे. नर्सिंगचा फॉर्म या वर्षी भरला नाही. पुढच्या वर्षी भरीन म्हणते. भरील की नाही, मला सांगता येत नाही. परवा चेलाडी फाट्यावर तिचे वडील भेटले. पूर्वी लांबूनच हात करीत, या वेळी मी जवळ जाऊन बोलेपर्यंत त्यांनी पाहिले नाही.

"पोरगी रातच्याला उभी असती हितं," ते म्हणाले. "तुमी एक शबूद टाकला असता, सर, तर तिनं ऐकलं असतं."

"टाकला होता मी."

"सांगितलं असंल. पर दटावलं न्हाई."

मी म्हणालो, "नाही, दटावले नाही."

त्यावर ते काही बोलले नाहीत. स्टॉलवाल्याला त्यांनी दोन चहा सांगितले, पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि गाडी येईपर्यंत आम्ही दोघे यंदाच्या भाताविषयी बोलत उभे राहिलो.